बहिणीचा पहिला खरा पेशंट

माझी धाकटी बहीण फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला गेली आणि आमच्या बाहेरच्या खोलीतला दिवाण तिच्या अभ्यासासाठी राखीव झाला. दिवाणाबरोबर मीही. कारखान्यातून घरी येऊन मी जरा चहा पितोय, तोवर हाक यायचीच, "दादा, शर्ट काढ आणि पालथा पड."

मी पडायचो. मग ती माझ्या पाठीचे मणके वरून खाली मोजायची, मध्येच चुकायची आणि पुन्हा मानेपासून सुरुवात करायची. कंबरेच्या खाली दोन्ही बाजूंना बारीक खळ्या असतात, त्यांच्यावर ती निळ्या स्केचपेननं ठिपके काढायची. "इथे आत एस-आय जॉइंट," ती स्वतःलाच पाठ करून दाखवायची. "पाठीचा कणा खाली जिथे संपतो ते त्रिकास्थीचं हाड आणि कमरेचं मोठं हाड, या दोघांमधला सांधा. डावा एक, उजवा एक." एकदा ते ठिपके पुसायचे राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तसाच पोहायला गेलो. तलावावरचे एक गुजराती काका बराच वेळ माझ्या पाठीकडे बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "भाई, आ टॅटू छे?"

बहिणीची माझ्याबद्दल एकच तक्रार होती. माझं काही दुखतच नसे.

"इथे दाबलं तर?"

"नाही."

"आणि गुडघा असा छातीकडे नेला तर?"

"छान वाटतंय."

"सगळ्या टेस्ट निगेटिव्ह! काय उपयोग आहे तुझा?" असं म्हणून ती पाठीवर एक चापट मारायची आणि पुस्तक मिटायची. आई शाळेतल्या मुलांचे पेपर तपासता तपासता म्हणायची, "अगं, भाऊ धडधाकट आहे याचं वाईट काय वाटून घेतेस?"

अशी चार वर्षं गेली. तिची परीक्षा झाली, इंटर्नशिप सुरू झाली, कॉलेजच्या ओपीडीत पेशंट मिळायला लागले आणि माझी दिवाणावरून सुटका झाली. आणि नेमकं तेव्हाच माझं दुखायला लागलं.

झालं उत्तराणला, म्हणजे इकडच्या संक्रांतीला. आम्ही शहराच्या जुन्या भागात, वाडीत राहतो. इथली घरं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की त्या दिवशी सगळ्या पोळीच्या, म्हणजे गल्लीच्या, गच्च्या मिळून एकच अगाशी होते. मी शेजारच्यांच्या अगाशीवर मांजाची फिरकी धरून उभा होतो. एक मोठा लाल पतंग कटून डुलत डुलत आमच्या अगाशीकडे निघाला. शेजारची अगाशी आमच्यापेक्षा पुरुषभर उंच आहे. लहानपणापासून त्या कठड्यावरून शेकडो वेळा उडी मारलेली, त्यामुळे विचार कशाला करायचा? मारली उडी. पण डोळे वर पतंगावर होते, आणि सगळा भार एकट्या उजव्या पायावर आला.

पतंग मिळाला. त्याबरोबर उजव्या खळीच्या खाली कोणीतरी खिळा ठोकावा तशी कळ आली. चारी बाजूंनी "काप्यो छे!"चा गजर चालू होता, त्यामुळे माझं "आई गं" कोणाला ऐकू गेलं नाही. शेजारचे काका मात्र वरून बघत होते. त्यांनी तिथूनच निदान केलं, "नस चढी गई हशे. गरम गरम उंधियुं खा, ऊतरी जशे."

मी उंधियुं खाल्लं, जिलेबीही खाल्ली. नस काही उतरली नाही.

घरात मी बोललो नाही. एक तर बहीण काय करील याचा अंदाज होता. दुसरं म्हणजे दुखतंय कुठे ते सांगणं अवघड होतं. कंबर म्हणावी तर कंबर दुखत नव्हती. पाय म्हणावा तर पाय ठीक होता. दुखणं नेमकं ज्या जागी होतं तिचं नाव आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर घेत नाहीत. मी एका बाजूवर रेलून जेवायचो, बाइकवर किंचित तिरका बसायचो आणि कारखान्यात लोखंडी शिड्या डाव्या पायावर चढायचो. तिथल्या सहकाऱ्यांना वाटलं की माझ्या चालण्यात नवीन ऐट आली आहे.

पकडला गेलो तो पँट घालताना. आठवड्याभरानं सकाळी कामावर निघायच्या गडबडीत एका पायावर उभा राहिलो, कळ आली आणि कपाट धरून तसाच थांबलो. दार अर्धवट उघडं होतं. बाहेरून बहिणीचा आवाज आला, "दादा, कपाट का धरलंयस?"

"असंच."

"पँट नीट घाल आणि बाहेर ये. उजव्या पायावर उभा राहून दाखव."

मी उभा राहिलो आणि माझ्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळलं. तिच्या चेहऱ्यावर आधी काळजी आली, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण काळजीच्या मागोमाग जे आलं तो आनंदच होता. दहावीचा निकाल लागल्यावर असतो तसा.

"आई! दादाचं खरंच दुखतंय!" म्हणत ती स्वयंपाकघरात पळाली.

मग पुन्हा तोच दिवाण. तिनं उताणा झोपवलं आणि हातांची फुली करून कमरेच्या पुढच्या दोन्ही हाडांवर बाहेरच्या दिशेनं दाब दिला. दुखलं. कुशीवर वळवून वरून दाबलं. दुखलं. गुडघा वाकवून मांडीवरून खाली रेटा दिला तेव्हा मी दिवाणाची कड घट्ट धरली.

"तीन!" ती म्हणाली. "तीन पॉझिटिव्ह. दादा, हा एस-आय जॉइंट आहे, बहुतेक."

बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. वर्तमानपत्र खाली न ठेवता ते म्हणाले, "हाड सरकलं असेल. आमच्या खात्यातले सगळे घडियाळी पोळीजवळच्या एका हाडवैद्याकडे जायचे. एक झटका दिला की माणूस चालत घरी."

"बाबा, त्याला कोणीही झटका द्यायचा नाही," बहीण म्हणाली. आवाजातला आनंद आता गेला होता. "मीसुद्धा नाही. आधी मॅडम बघतील."

या मॅडम म्हणजे तिच्या ओपीडीच्या प्रमुख. बहीण घरी त्यांच्याबद्दल इतकं बोलायची की मला वाटलं होतं कोणी उंच, करड्या आवाजाची बाई असेल. निघाल्या ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, पन्नाशीच्या गुजराती बाई. पांढऱ्या कोटाच्या खिशात वेलदोडे ठेवायच्या आणि एक तोंडात टाकून मग पेशंटकडे वळायच्या. मी मराठी म्हटल्यावर त्यांनी आपलं मराठी बाहेर काढलं. "तुझ्या बेननी मला सांगितला, भाऊ चार वरस मॉडेल होता. आता प्रमोशन झाला."

त्यांनी खूप प्रश्न विचारले. सकाळी उठल्यावर अंग आखडतं का? किती वेळ? दुखण्यानं झोपेतून जाग येते का? बसून राहिल्यावर जास्त दुखतं की हालचाल केल्यावर? घरात कोणाला सांध्यांचा आजार आहे का? डोळे लाल होतात का? डोळ्यांचा आणि बसायच्या जागेचा काय संबंध, असं मला वाटलं. मी बहिणीकडे पाहिलं तर ती माझ्याकडे बघत नव्हती.

मॅडमनी आधी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक्स-रे झाला, रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट यायचा होता ते दोन दिवस बहीण घरात फारच गोड वागत होती. माझा चहा तिनं केला. रिमोट आपणहून मला दिला. मला जरा भीतीच वाटली.

रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, सांध्याला आणि आजूबाजूच्या बंधांना ताण बसला आहे, फिजिओथेरपी करा. बाहेर पडल्यावर बहीण म्हणाली, "सेव-उसळ खाऊ या," आणि सयाजीगंजातल्या गाडीवर उभ्या उभ्या तिनं एक अख्खी बशी संपवून दुसरी मागितली. तिखट तर्री वरून ओतून घेतली होती. खाता खाता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तेव्हा तिनं सांगितलं, तरुण मुलांमध्ये या सांध्याचं दुखणं कधी कधी एका मोठ्या आजाराची सुरुवात असते. "कणा हळूहळू ताठ होत जातो, डोळेही लाल होतात. पुस्तकात वाचलेलं. तुला कशाला सांगायचं म्हणून बोलले नाही."

"म्हणून रिमोट दिलास?"

"आता परत घेणार आहे," ती म्हणाली आणि नाक पुसलं.

पहिल्या दिवशी उपचार मॅडमनी केले. त्यांनी मला उताणा झोपवून हात मानेमागे गुंफायला लावले, पाय एका बाजूला, धड त्याच बाजूला, असं केळ्यासारखं वाकवलं. मग कोपराच्या फटीतून हात घालून माझं धड स्वतःकडे वळवत नेलं. "ऊंडो श्वास लो," त्या म्हणाल्या. "हवे छोडो." मी श्वास सोडला आणि त्याच क्षणी त्यांनी दुसऱ्या हाताच्या तळव्यानं कमरेच्या हाडावर एक छोटा, झटपट दाब दिला. कट् असा आवाज आला.

"बसलं हाड!" मी म्हणालो. बाबांच्या झटक्याची आठवण झाली होती.

मॅडम हसल्या. "हाड उठला कधी होता? हा सांधा एवढासा हलतो." त्यांनी बोटांच्या चिमटीत वेलदोड्याच्या दाण्याएवढं अंतर दाखवलं. "आवाज तर बोटं मोडल्यावर पण येतो. आपण सांध्याला आणि आजूच्या स्नायूंना जरा सांगते, की घाबरू नको, मोकळा हो. खरा काम तर तुला करायचा, व्यायाम."

उठलो तेव्हा निम्मं दुखणं गेल्यासारखं वाटलं. संध्याकाळपर्यंत त्यातलं थोडं परतही आलं. मॅडमनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या वेळी मॅडम खुर्चीवर बसल्या आणि बहिणीला म्हणाल्या, "आज तू कर."

झटका द्यायचा नव्हता. सौम्य प्रकार होता. मी गुडघा तिच्या हातावर हलकेच रेटायचा, तिनं तेवढ्याच जोरानं अडवायचा, मग मी सैल सोडलं की तिनं पाय आणखी थोडा पुढे न्यायचा. तिनं हा प्रकार माझ्यावर घरी किती वेळा केला असेल! टीव्ही बघता बघता, शेंगदाणे खाता खाता केला होता. आता ती टेबलापाशी आली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि थांबली.

हात गार होता. आणि थरथरत होता.

मला आधी गंमत वाटली. मग मान वळवून तिच्याकडे पाहिलं तर ती खालचा ओठ दाताखाली धरून उभी होती. चार वर्षं जिनं मला कणकेसारखं तिंबलं होतं, तिला आता मला दुखेल याची भीती वाटत होती. मी म्हणालो, "अगं, कर की. मला सवय आहे."

"तेव्हा तुझं दुखत नव्हतं," ती पुटपुटली.

मॅडम जागेवरून उठल्या नाहीत. वेलदोडा चघळत शांतपणे म्हणाल्या, "हाथ ध्रूजे छे केम? ए तारो भाई छे ए भूली जा. अत्यारे ए पेशन्ट छे. पेशन्टशी जसा बोलते तसा बोल."

बहिणीनं डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "नमस्कार. मी आज तुमच्यावर उपचार करणार आहे. तुम्ही गुडघा माझ्या हातावर हळू रेटा. जोर नको. दुखलं तर लगेच सांगा."

जन्मात पहिल्यांदा ती मला तुम्ही म्हणत होती. पोटातून हसू फुटत होतं, पण तिचा हात आता स्थिर झाला होता, म्हणून मी छताकडे बघत राहिलो आणि म्हणालो, "हो, ताई."

"आता सोडा. श्वास घ्या. छान."

पाय हळूच पुढे गेला आणि आत कुठेतरी गाठ सुटल्यासारखं झालं. ती प्रत्येक वेळी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. घरी सराव करताना ती नेहमी पुस्तकाकडे बघायची.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा मी तिच्या हाताखाली जात होतो. व्यायाम रोजचे. पाठीवर झोपून कंबर उचलून पूल करायचा, कुशीवर झोपून गुडघे शिंपल्यासारखे उघडायचे. आईनं त्या शिंपल्यात भाग घेतला, कारण तिचेही गुडघे दुखत. बाबा वर्तमानपत्राआडून मोजायचे आणि मुद्दाम मध्येच आकडे गाळायचे. महिन्याभरात मी सरळ बसायला लागलो. कारखान्यातली ऐटबाज चालही गेली. सहकाऱ्यांना बहुतेक चुकल्यासारखं झालं असेल.

मग माझ्या अंगात आली मस्ती. दुखत नाही तर व्यायाम कशाला? त्यातच एका मित्रानं घर बदललं. पोळीतला अरुंद जिना, वरच्या मजल्यावरचा फ्रिज, आणि खाली उतरवायला आम्ही दोघं. फ्रिज सुखरूप उतरला. मी वळणावर एका पायावर तोल सावरला आणि तिथेच भिंतीला टेकलो. तीच जागा, तीच कळ.

घरी आलो तेव्हा बहीण दारातच होती. मी कसा चाललो ते तिनं पाहिलं. रात्री जेवायला बसल्यावर तिनं माझ्या ताटाकडे बघून विचारलं, "तुम्हाला भाजी वाढू का?"

आईचा घास हातातच राहिला.

"आमटी घेणार का आपण?" बहीण म्हणाली. "की फ्रिज उचलायला जायचंय तुम्हाला अजून कुठे?"

हे तुम्ही-तुम्ही पुढे आठवडाभर चाललं. सकाळी "तुमची अंघोळ झाली का?", संध्याकाळी "आपले व्यायाम झाले का?" बाबांना ते इतकं आवडलं की तेही मला अहो म्हणायला लागले. मॅडमना सांगितलं तर त्या खुर्ची धरून हसल्या. मग मला तपासून म्हणाल्या, "गभराव नको, जास्त काही नाही. पण तो फ्रिजवाला मित्र इथे आला तर त्याच्याकडून डबल फी घेते मी."

मी पुन्हा पूल केले, शिंपले उघडले, न चुकता. एके सकाळी मी मोजे घालत होतो. एका पायावर उभा राहून, कपाटाला न धरता. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. बहीण दारातून जाता जाता थांबली आणि म्हणाली, "दादा, तुझा दुसरा मोजा वेगळ्या रंगाचा आहे." आईनं आतून सुटकेचा निःश्वास टाकलेला मला ऐकू आला.

आता बहीण शिकून तयार झाली आहे. सयाजीगंजात एका दवाखान्यात काम करते. तिच्याकडे येणारे बरेचसे तरुणच. होस्टेलवर राहणारे, दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारे, नाचणारे, बाइकवरून खड्ड्यात आपटलेले. परवा माझी दुपारची पाळी होती, म्हणून जाता जाता द्यायला आईनं बहिणीचा डबा माझ्याकडे दिला. ती आत पेशंटबरोबर होती. मी बाहेरच्या बाकावर बसलो.

शेजारी कॉलेजातली एक मुलगी बसली होती, एका बाजूवर रेललेली. मला ते बसणं ओळखीचं होतं. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "आ बेन सारां छे? दुखशे?"

"थोडुं," मी म्हणालो. "पण मग मज्जा आवशे. व्यायाम मात्र रोज करावा लागतो हां, नाही तर त्या फार रागावतात."

मुलगी हसली, मग हसताना कळ आली म्हणून थांबली, मग त्याचंच तिला पुन्हा हसू आलं.

आतून पडद्यापलीकडून बहिणीचा आवाज येत होता. सावकाश, ठाम, गुजरातीत. "डाबे पडखे फरो. हां, एम ज. हवे शांतिथी श्वास लो." त्या आवाजात घाई नव्हती. मी डबा बाकावर ठेवून ऐकत राहिलो. पडदा सरकला, एक उंच मुलगा पाय झटकत, खुशीत बाहेर आला आणि त्याच्या मागून बहिणीनं डोकं काढलं.

"आईनं काय दिलंय?"

"भरली वांगी."

"पोळ्या किती?"

"मी मोजल्या नाहीत."

"बरं, ठेव तिथे. आणि नीट बस," ती म्हणाली. मग त्या मुलीकडे वळून, एकदम दुसऱ्याच आवाजात, "आवो बेन, अंदर आवो. धीमे धीमे."

मुलगी उठली, आत गेली. मी पाठ सरळ करून थोडा वेळ बसलो, आणि मग पाळी गाठायला निघालो.